शालेय व्हॉलीबॉलची स्कोअरशीट: पहिल्यांदा लिहायला बसणाऱ्यांसाठी

व्हॉलीबॉलच्या सामन्यात गुण सगळेच मोजतात. गुणफलकाजवळची मुलं मोजतात, बाकावर बसलेले खेळाडू मोजतात, आईवडीलही मोजतात. पण आत्ता सर्व्हिस कोणाची आणि त्यानंतर कोणाची, हे ओळीने लिहून ठेवणारं माणूस मैदानावर एकच असतं, ते म्हणजे गुणलेखक. नवीन गुणलेखकाला मी सगळ्यात आधी हेच सांगते. गुण चुकला तर दहा जण ओरडून सांगतील. सर्व्हिसची पाळी चुकली तर तुमचा कागद सोडून दुसरा पुरावा कुठेच नसतो.

हे मला एका आंतरशालेय सामन्यात कळलं. दुसऱ्या सेटमध्ये एका संघाच्या कर्णधाराने पंचांना सांगितलं, की समोरून सर्व्हिसला चुकीची मुलगी आली आहे. पंच टेबलापाशी आले आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "चूक कधीपासून आहे?" माझ्या कागदावर गुणांचे आकडे सगळे नीट रेघेने कापलेले होते, पण सर्व्हिसचे चौकोन मागच्या फेरीपासून रिकामे होते. रॅली (सर्व्हिसपासून गुण होईपर्यंतचा खेळ) रंगल्या होत्या आणि मी त्या बघत बसले होते. चूक कुठून सुरू झाली हे मला सांगता आलं नाही, म्हणून जे गुण रद्द व्हायला हवे होते ते तसेच राहिले. ज्या संघाचं नुकसान झालं त्या मुलींनी एका शब्दाने तक्रार केली नाही. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

पुढे जे लिहिलं आहे ते आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या स्कोअरशीटप्रमाणे आहे. तुमच्या हातात आलेला कागद याहून सोपा असेल, पण कामाचा क्रम तोच राहतो.

सामना सुरू होण्याआधी

निदान अर्धा तास आधी टेबलावर या. टेबल पहिल्या पंचांच्या बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला असतं. म्हणजे पहिले पंच नेटच्या एका टोकाला उंचावर, आणि त्यांच्या समोर दुसरे पंच व त्यांच्या मागे तुम्ही. दोन गडद शाईची पेनं, एक घड्याळ, शिट्टी किंवा बझर, एक जादा कोरी स्कोअरशीट आणि एक साधी वही जवळ ठेवा. पेन्सिलने लिहू नका. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही दिसतं.

मग पहिल्या पंचांना गाठून या स्पर्धेचे नियम विचारून घ्या. सामना तीन सेटचा की पाच सेटचा? साधा सेट २५ गुणांचा आणि निर्णायक सेट १५ चा, दोन्हीकडे दोन गुणांची आघाडी हवी आणि वरची मर्यादा नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम. एका सेटमध्ये एका संघाला खेळाडूंचे सहा बदल करता येतात. पण शालेय स्पर्धांचे नियम सगळीकडे सारखे नसतात. अमेरिकेच्या हायस्कूल व्हॉलीबॉलमध्ये एका सेटला १८ बदल चालतात आणि लिबेरोला (मागच्या रांगेत खेळणाऱ्या, वेगळ्या जर्सीतल्या खेळाडूला) एका जागेवरून सर्व्हिसही करता येते, जी आंतरराष्ट्रीय नियमांत मुळीच चालत नाही. तेव्हा गृहीत काहीच धरू नका. विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

खेळाडूंची यादी उतरवताना क्रमांक आणि नाव दोन्ही लिहा, कर्णधाराच्या क्रमांकाला गोल करा आणि लिबेरो त्यांच्या वेगळ्या ओळीत लिहा. आता एक गोष्ट, जी कोणी मुद्दाम सांगत नाही: सराव सुरू असताना यादी हातात घेऊन प्रत्येक जर्सीवरचा क्रमांक डोळ्यांनी तपासा. शाळांमध्ये जर्सी सगळ्यांत वाटून वापरतात. यादीत ६ आणि अंगावर ९ हा प्रकार इतका नेहमीचा आहे, की मी तो शोधायलाच जाते. यादी तपासून झाली की दोन्ही कर्णधार आणि प्रशिक्षकांच्या सह्या घ्या. सहीनंतर यादीत बदल नाही, म्हणून तपासणी सहीच्या आधी.

नाणेफेक झाल्यावर पंच तुम्हाला दोन गोष्टी सांगतील: कोण कुठल्या बाजूला आणि पहिली सर्व्हिस कोणाची. पहिल्या सेटला तुमच्या डाव्या हाताला असलेला संघ 'ए', उजव्या हाताचा 'बी'. पहिली सर्व्हिस करणाऱ्या संघासमोर सर्व्हिसची खूण, दुसऱ्यासमोर रिसिव्हची.

लाइनअप स्लिप आणि मैदानावरच्या जागा

प्रत्येक सेटच्या आधी दोन्ही प्रशिक्षक एक छोटी चिठ्ठी देतात. तिच्यावर सहा चौकोन असतात. नेटकडे तोंड करून उभं राहिलात तर पुढच्या रांगेत डावीकडून ४, ३, २ आणि मागच्या रांगेत डावीकडून ५, ६, १ अशा जागा. सर्व्हिस नेहमी जागा १ वरच्या खेळाडूची. संघाला सर्व्हिस परत मिळाली की सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा सरकतात, म्हणजे २ वरची खेळाडू १ वर येते आणि सर्व्हिस करते. म्हणून सर्व्हिसचा क्रम १, २, ३, ४, ५, ६ असाच चालतो. स्कोअरशीटवर सहा रकाने रोमन आकड्यांत याच क्रमाने छापलेले असतात. चिठ्ठीवरचा जागा १ चा क्रमांक पहिल्या रकान्यात, २ चा दुसऱ्यात, असं उतरवत जायचं.

चिठ्ठी वेळेवर आली नाही तर लगेच दुसऱ्या पंचांना सांगा. प्रशिक्षकाच्या मागे तुम्ही धावायचं नाही. आणि एका संघाची चिठ्ठी दुसऱ्या संघाला दिसेल अशी टेबलावर उघडी ठेवू नका.

आता मैदानावर बघायचं कसं. टेबलावरून दोन संघ एकमेकांच्या आरशातल्यासारखे दिसत नाहीत, आणि नवीन माणूस इथेच गोंधळतं. डावीकडच्या संघाची जागा १ तुमच्या जवळच्या कोपऱ्यात येते. उजवीकडच्या संघाची जागा १ मात्र पलीकडे, पहिल्या पंचांच्या बाजूच्या कोपऱ्यात. पहिले काही सामने मी वहीत दोन्ही संघांचे चौकोन टेबलावरून दिसतात तसे काढून घ्यायचे. सेट सुरू होण्याआधी दुसरे पंच चिठ्ठी घेऊन खेळाडूंच्या जागा तपासतात, तेव्हा तुम्हीही कागदाशी जुळवून बघा. जुळलं की दोन्ही हात वर करून 'मी तयार आहे' अशी खूण पंचांना द्या.

एक रॅली, कागदावर

समजा ए संघाचे रकाने असे भरले: ७, ३, १०, १, ५, १२. बी संघाचे: ४, ९, १४, ११, ६, ८. पहिली सर्व्हिस ए ची.

प्रत्येक रकान्याखाली छोटे क्रमांक घातलेले चौकोन असतात, एका सर्व्हिस फेरीला एक. ए च्या पहिल्या रकान्यात, चौकोन १ मध्ये बारीकशी खूण करा: ७ नंबर सर्व्हिसला उभी आहे. बी च्या पहिल्या रकान्यातल्या चौकोन १ वर मात्र फुली मारा. का? बी ला सर्व्हिस मिळेल तेव्हा ते आधी एक जागा सरकतील, त्यामुळे त्यांची पहिली सर्व्हिस ४ नंबर करणार नाही, दुसऱ्या रकान्यातली ९ नंबर करेल. ही फुली विसरली की पूर्ण सेटभर बी चा क्रम एका घराने चुकतो. कागदावरची ही सगळ्यात महत्त्वाची फुली आहे असं मी मानते.

शिट्टी झाली. ७ नंबरच्या सर्व्हिसवर ए ने दोन रॅली जिंकल्या: ए च्या गुणांच्या रांगेतले १ आणि २ तिरक्या रेघेने कापा. तिसरी रॅली बी ने जिंकली. आता तीन कामं एकापाठोपाठ:

१. बी च्या गुणांच्या रांगेतला १ कापा.
२. ए च्या पहिल्या रकान्यातल्या चौकोनात २ लिहा. ७ नंबरची सर्व्हिस गेली तेव्हा ए चे एकूण गुण दोन होते, असा याचा अर्थ.
३. बी च्या दुसऱ्या रकान्यात चौकोन १ मध्ये खूण करा आणि मान वर करून बघा: चेंडू ९ नंबरच्या हातात आहे ना?

९ नंबरची सर्व्हिस पहिल्याच रॅलीत गेली. ए चा ३ कापा, बी च्या दुसऱ्या रकान्यात १ लिहा, ए च्या दुसऱ्या रकान्यात खूण, आणि डोळे ३ नंबरवर. तिचीही सर्व्हिस लगेच गेली, तर बी चा २ कापायचा, ए च्या दुसऱ्या रकान्यात ३ लिहायचे, आणि बी ची १४ नंबर पुढे. पूर्ण सामना हीच लय. रॅली चालू असताना कागदाकडे बघायचं नाही आणि रॅली संपली की चेंडूकडे बघायचं नाही.

पुढची सर्व्हिस कोणाची हे मी मनातल्या मनात म्हणत राहते. "ए ची सर्व्हिस, ३ नंबर. गेली तर बी ची १४." एवढं सतत ओठांवर असलं की चुकीची खेळाडू चेंडू घेऊन मागे जाताना दिसली की लगेच खटकते.

या चौकोनांतून एक चाचणीही आपोआप मिळते. सर्व्हिस परत मिळवताना संघाला एक गुण मिळालेलाच असतो, म्हणून चौकोनातला पुढचा आकडा मागच्यापेक्षा किमान एकाने मोठा असायलाच हवा. वरच्या उदाहरणात ए चे २ आणि मग ३: म्हणजे ३ नंबरने स्वतःच्या सर्व्हिसवर एकही गुण मिळवला नाही. लागोपाठच्या दोन चौकोनांत तोच आकडा आला, तर तुमच्याकडून एक गुण कापायचा राहिला आहे. टाइमआउट झाला की हे आणि गुणफलकावरचा आकडा, दोन्ही पडताळून घ्या.

जुने खेळाडू कधीकधी टेबलापाशी येऊन म्हणतात, "सर्व्हिस त्यांची नव्हती, गुण कसा दिला?" १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गुण सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळायचा, फक्त निर्णायक सेट वेगळा असायचा. आता प्रत्येक रॅलीला गुण आहे. नम्रपणे सांगा आणि पुन्हा कागदाकडे वळा.

चुकीची खेळाडू सर्व्हिसला आली तर

चूक दिसली म्हणून ओरडून सावध करायचं नाही, ना त्या संघाला, ना समोरच्या. गुणलेखक कोणाच्याही बाजूचा नसतो. सर्व्हिसचा फटका बसेपर्यंत थांबा, कारण तोपर्यंत संघ स्वतःहून चूक सुधारू शकतो. फटका बसला की लगेच बझर द्या आणि दुसऱ्या पंचांना चौकोन दाखवा.

वरचंच उदाहरण घ्या. ए चे गुण ३, बी चा १, सर्व्हिस ३ नंबरची, पण चेंडू १० नंबरने घेतला आणि तुमच्या लक्षात आलं नाही. तिच्या सर्व्हिसवर ए चे ४ आणि ५ झाले. तिसऱ्या सर्व्हिसचा फटका बसताना तुम्हाला दिसलं आणि तुम्ही बझर दिला. आता ए चे चूक सुरू झाल्यानंतरचे गुण, म्हणजे ४ आणि ५, रद्द. ए परत ३ वर. बी ला एक गुण आणि सर्व्हिस, म्हणजे बी चे २. या काळात बी ने काही गुण मिळवले असते तर ते कायम राहिले असते. ए चा क्रम दुरुस्त केला जातो आणि खेळ पुढे सुरू होतो.

चूक कधी सुरू झाली हे कागदावरून ठरलंच नाही, तर मागचे गुण रद्द होत नाहीत. समोरच्या संघाला गुण आणि सर्व्हिस, इतकंच. माझ्या त्या सामन्यात हेच झालं होतं.

बदल, टाइमआउट, लिबेरो

बदली खेळाडू मैदानाजवळ आली की बदलाची मागणी झाली असं धरतात. बझर देऊन तुम्ही ती मान्य करायची. ए ची १० नंबर बाहेर, १५ नंबर आत, गुण ए १२, बी १५: तिसऱ्या रकान्यात १० च्या खाली १५ लिहा आणि त्याखाली १२:१५. बदल मागणाऱ्या संघाचे गुण नेहमी आधी. लिहून झालं की दोन्ही हात वर. घाई करू नका. तुमचे हात वर जाईपर्यंत पंच थांबतात.

१५ नंबर आता त्या रकान्याची आहे. तिसऱ्या रकान्याची पाळी आली की सर्व्हिस तीच करेल. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सुरुवातीची खेळाडू त्या सेटमध्ये एकदाच बाहेर जाऊन एकदाच परत येऊ शकते, तीही तिच्या जागी गेलेल्या खेळाडूच्याच बदल्यात. १० नंबर परत आली की १५ ला गोल करा आणि नवा गुण लिहा. गोल झाला म्हणजे त्या सेटपुरती ती जोडी संपली. १५ नंबर कोणा दुसरीच्या जागी यायला निघाली, तर बझरच्या आधीच पंचांना सांगायचं. पाचवा आणि सहावा बदल झाला की तेही दुसऱ्या पंचांना कळवा, ते प्रशिक्षकापर्यंत पोचवतात.

टाइमआउट एका सेटला दोन, प्रत्येकी ३० सेकंद. त्या चौकोनात मागणाऱ्या संघाचे गुण आधी, समोरच्यांचे नंतर. कितवा टाइमआउट आहे हे बोटांनी पंचांना दाखवा.

लिबेरो ही वेगळ्या रंगाच्या जर्सीतली, मागच्या रांगेत खेळणारी खेळाडू. ही भूमिका १९९८ मध्ये खेळात आली. तिची ये-जा बदलांत मोजत नाहीत, त्यामुळे तुमच्या रकान्यांत तिचा क्रमांक येतच नाही. सहायक गुणलेखक असेल तर लिबेरो कोणाच्या जागी आत आहे याची नोंद तो वेगळ्या कागदावर ठेवतो. शाळेच्या सामन्यात तो बहुधा नसतोच, मग वहीत एवढंच लिहा: 'लिबेरो आत, ५ बाहेर.' ती बाहेर पडेल तेव्हा ५ नंबर परत यायला हवी, किंवा त्या संघाची दुसरी लिबेरो. दोन अदलाबदलींच्या मध्ये एक पूर्ण रॅली झालेली असावी लागते.

कार्ड दाखवलं तर कोणाला, कशासाठी आणि किती गुणांवर, हे दुसऱ्या पंचांना विचारूनच लिहा. लाल कार्डाने समोरच्या संघाला मिळालेला गुण तिरक्या रेघेने कापायचा नाही, त्याला गोल करायचा. नंतर कोणी हिशोब तपासला तर तो गुण खेळून मिळालेला नाही हे त्यावरून कळतं.

सेटचा शेवट आणि निर्णायक सेट

शेवटचा गुण झाला की दोन्ही संघांच्या शेवटच्या सर्व्हिस चौकोनांत अंतिम गुण लिहून त्यांना गोल करा, न वापरलेले आकडे रेघेने बंद करा, आणि सेट संपल्याची वेळ लिहा. सुरू झाल्याची वेळ लिहायची राहिली असेल तर आत्ताच सहायकाला किंवा पंचांना विचारा, सामन्यानंतर ती कोणालाच आठवत नाही. दोन सेटमधली विश्रांती तीन मिनिटांची, आणि ती तुमच्या घड्याळावर. या तीन मिनिटांत नव्या चिठ्ठ्या येतात, बाजू बदलतात, नवी पाने भरायची असतात. पाणी आधीच पिऊन घ्या.

निर्णायक सेटला नव्याने नाणेफेक होते आणि एका संघाचे ८ गुण झाले की बाजू बदलतात. आठवा गुण झाल्याचं तुम्ही जाहीर करायचं असतं. स्कोअरशीटवर या सेटला तीन भाग असतात: डावीकडच्या संघाची सगळी माहिती, गुण, बदल, टाइमआउटसकट, बाजू बदलल्यावर उजवीकडच्या तिसऱ्या भागात उतरवायची. सर्व्हिस मात्र बदलत नाही. जिच्या हातात होती तीच पुढे करते, क्रम तोच. फक्त आता संघ तुमच्या दुसऱ्या हाताला आहेत, म्हणजे जागा १ चे कोपरेही बदलले. उतरवून होईपर्यंत हात वर करू नका, तुमच्यासाठी थांबणं हा पंचांच्या कामाचाच भाग आहे.

सामना संपल्यावर निकालाचा तक्ता भरा: प्रत्येक सेटचे गुण, टाइमआउट, बदल, लागलेला वेळ, आणि खाली बेरीज. बेरीज दोनदा करा. मग आधी तुमची सही, त्यानंतर दोन्ही कर्णधारांच्या आणि शेवटी पंचांच्या. एखाद्या कर्णधाराने खेळ चालू असताना हरकत नोंदवायचा हक्क राखून ठेवला असेल, तर पहिल्या पंचांच्या परवानगीने ती शेऱ्यांच्या जागेत लिहा किंवा त्याला लिहू द्या. लिहायचं तर त्याच्याच शब्दांत, आपलं मत न घालता.

पहिल्या सामन्याआधी सराव करायचा असेल तर एखाद्या पूर्ण सामन्याचं चित्रीकरण लावा आणि एका सेटचे फक्त एकाच संघाचे चौकोन भरा. थांबवून, मागे नेऊन भरलं तरी चालेल. दुसऱ्या सेटला दोन्ही संघांचे भरा. तिसऱ्या सेटला न थांबवता भरा आणि सेट संपल्यावर मागे जाऊन बघा, तुमच्या चौकोनातला कुठला आकडा कुठल्या रॅलीनंतर लिहायला हवा होता.